तीन विहिरींची बातमी

मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. त्यातला बराच काळ हजेरी घेण्यात, नाकं पुसायला लावण्यात आणि 'बाई, ह्यानं माझी पाटी घेतली' या एकाच खटल्याचे निकाल देण्यात गेला. सातारा आणि सांगली या दोन भागांत मिळून माझ्या नऊ बदल्या झाल्या. त्या सगळ्या ओळीनं सांगायला लागले तर ऐन दिवाळीत वाचकांना हजेरीपट वाचल्यासारखं होईल. म्हणून एकाच शाळेचं सांगते, आणि त्या शाळेतल्या एकाच फळ्याचं. आता मी सांगलीत, विश्रामबागेत भाच्याकडे राहते. त्याची मुलं शाळेतून 'परिसर अभ्यास' नावाचं काहीतरी करून येतात आणि मला कौतुकानं समजावून सांगतात. मीही पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकते.

गाव खडकमाळ. वडूजवरून बैलगाडीनं निघालं की तीन तास हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि मग उतरायचं. दुसरी मोठी लढाई चालू होती त्या वर्षांतली ही गोष्ट. मी वाईची. लग्नानंतर दोन वर्षांत यजमान विषमज्वरानं गेले. भावानं कुणाचं न ऐकता मला सातवीच्या फायनलला बसवलं, पुढं ट्रेनिंगला घातलं, आणि पहिलीच नेमणूक इथं झाली. गावानं मास्तरीण पाहिलेली नव्हती. पहिला आठवडाभर बायका शाळेच्या दारात येऊन उभ्या राहायच्या, आपसांत काहीतरी बोलायच्या आणि जायच्या. मी बोलते, रागावते आणि दुपारी भाकरी खाते, एवढी खात्री पटल्यावर त्यांचं येणं थांबलं.

शाळेत शिक्षक दोन. हेडमास्तर तात्या आणि मी. तात्या साठीकडे झुकलेले. माणूस अत्यंत सज्जन, पण स्कूल बोर्डाचं नुसतं पाकीट आलं तरी ते फोडायला त्यांना दोन दिवस लागायचे. पेन्शनीला पाच वर्षं उरली होती आणि ती पाच वर्षं कसलाही आवाज न होता जावीत एवढीच त्यांची देवाजवळ मागणी होती. त्यांच्या नशिबी मी आले.

बाहेरच्यांना वाटतं, पोरांना अक्षरं शिकवली की मास्तराचं काम संपलं. अक्षरं कुणीही शिकवील. ती टिकवणं अवघड. खडकमाळची पोरं चौथी पास व्हायची, गुरांमागं जायची आणि दोन वर्षांनी रस्त्यात भेटली की स्वतःचं नावसुद्धा वाचायला अडखळायची. पहिल्यांदा मी त्यांनाच दोष दिला. मग लक्षात आलं की या गावात वाचायला आहेच काय? चावडीवरची एक नोटीस, तीही इंग्रजी तारखेची. दुकानातल्या पुड्याचे कागद. आणि शाळेचं वाचनपुस्तक, ज्यात दीपगृहावर धडा होता. पोरांनी समुद्र पाहिलेला नाही, गलबत पाहिलेलं नाही, आणि बाई विचारतात, दीपगृहाचे उपयोग सांगा.

तेव्हा मी अडगळीतला एक तडा गेलेला फळा काढला. कोळशाची पूड आणि पाला वाटून पोरांनी तो काळा केला, आणि शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, पाणवठ्याच्या वाटेकडं तोंड करून टांगला. दर सोमवारी चौथीच्या मुलांनी त्यावर गावच्या बातम्या लिहायच्या. नियम दोनच केले. जे लिहायचं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं हवं. ऐकलेलं असेल तर दोन वेगवेगळ्या माणसांकडून विचारून घ्यायचं. आणि बातमीखाली आपलं नाव घालायचं.

तात्यांनी हे सगळं शांतपणे ऐकलं, तपकीर ओढली आणि कुणी विचारलं तर काय सांगायचं, असं विचारलं. मी म्हटलं, शुद्धलेखनाचा सराव. त्यामुळं दर सोमवारी तात्या बाहेर येऊन ऱ्हस्वदीर्घ सुधारायचे आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात लिहायचे: 'शुद्धलेखन तपासले. मजकुराची जबाबदारी नाही.'

पहिल्या सोमवारी बातमी होती ती रंगूआत्याच्या म्हशीची. म्हैस व्याली, रेडी झाली, तांबूस आहे. दुसऱ्या दिवशी आत्याची शेजारीण भांडायला आली. आमची बी मागल्या महिन्यात व्याली, तवा फळा कुठं होता, असा तिचा सवाल होता. तिची समजूत घालता घालता माझी मधली सुट्टी संपली, पण मनात मी खूष होते. जिला अक्षर वाचता येत नव्हतं ती फळ्यावर काय आहे यावरून भांडत होती.

आमचं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे हवालदार. मागच्या लढाईत इराकाकडं जाऊन आलेले, पेन्शनवर असलेले, मिशा अजून ड्यूटीवर. दर सोमवारी ते फळ्यासमोर ताठ उभे राहायचे आणि पाण्याला निघालेल्या बायांसाठी सगळा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचे. महिनाभर वाचल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, आपलं नाव फळ्यावर का नाही. मी मुलांना सांगितलं. मुलांनी लिहिलं: 'हवालदार दर सोमवारी फळा वाचतात.' ही बातमी हवालदारांनी वाचली नाही. त्यांना पायाला लागलेल्या गोळीची बातमी हवी होती. मुलांनी त्यांना दोन साक्षीदार मागितले. साक्षीदार इराकात होते. बराच वेळ चर्चा झाली आणि शेवटी हवालदारांनी धोतर वर करून पोटरी दाखवली. पोरांनी जवळ जाऊन नीट पाहिलं आणि लिहिलं: 'हवालदारांच्या उजव्या पायावर मोठा व्रण आहे. तो गोळीचा आहे असे हवालदार म्हणतात.' तेवढ्यावर त्यांनी समाधान मानलं, पण 'म्हणतात' हा शब्द ते वाचताना नेहमी गिळायचे.

असं वर्ष-सव्वा वर्ष छान गेलं. मग पावसानं दगा दिला. खटावकडच्या माणसाला त्याचं नवल नसतं, पण त्या साली माघातच गावविहिरीचा तळ दिसायला लागला. बाया एकेका घागरीसाठी तासन् तास बसून राहायच्या. मुलं उशिरा यायची, पेंगायची.

मी चौथीला लांबीची मापं शिकवत होते. पुस्तकात कापडाची उदाहरणं होती. मी म्हटलं, कापड राहू दे, आपण विहिरी मापू. एका दोराला हातहातावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला. दगड तळाला टेकला की दोर वर ओढायचा, भिजलेल्या गाठी मोजायच्या. तेवढं हात पाणी. शनिवारी दुपारी सगळा वर्ग दोर घेऊन निघाला. गावविहिरीत पावणेदोन हात. देवळामागच्या आडात एक हात. तिसरी विहीर पाटलांच्या मळ्यातली.

पाटलांचा मुलगा बाजी माझ्याच वर्गात होता. गोल चेहऱ्याचा, गणितात कच्चा, पण उत्साहाला कमी नाही. त्यानं कुणाला दोर धरू दिला नाही. स्वतः दगड सोडला, स्वतः गाठी मोजल्या, दोनदा मोजल्या. चौदा. त्याची छाती फुगली. सोमवारी फळ्यावर त्यानं तीनही विहिरींचे आकडे लिहिले आणि खाली आपल्या मनानं एक वाक्य जोडलं: 'आमच्या विहिरीला सर्वांत जास्त पाणी आहे. बाजी.'

मला खरोखरच माहीत नव्हतं. पंधरवड्यापूर्वी गावातली चार माणसं पाटलांकडं पाणी मागायला गेली होती, आणि आमच्याही विहिरीचा खडक उघडा पडला, गुरांनाच पुरत नाही, असं पाटलांनी त्यांना सांगितलं होतं. हे मला त्या सोमवारी कळलं, हवालदार वाचत होते तेव्हा. 'चौदा हात' म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली आला.  समोरच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन वळल्या आणि गावविहिरीची वाट सोडून सरळ मळ्याच्या वाटेला लागल्या.

दुपारी पाटील शाळेत आले. तात्या चटकन उठले आणि पाटलांना घेऊन बाहेर गेले. का, तर खालची ओळ दाखवायला. पाटलांनी ती वाचली, मान हलवली आणि माझ्याकडं आले. पाटील आरडाओरडा करणारे नव्हते. हळू बोलायचे, त्यामुळं जास्त भीती वाटायची.

"बाई, तेवढं पुसून टाका," ते म्हणाले.

मी म्हटलं, "पुसते. फक्त त्यात खोटं काय आहे तेवढं सांगा, म्हणजे मुलांना सांगता येईल."

"खोटं हाय असं म्या कुठं म्हनलो? पर समदं खरं फळ्यावर लिवायचं असतं व्हय?"

  मी पुसलं नाही एवढंच. त्यात शौर्य कमी आणि हट्ट जास्त होता. माझ्या आईला विचारलं असतं तर तिनं हेच सांगितलं असतं. पाटील गेले. बाजी आठवडाभर शाळेत आला नाही. आल्यावर तो बसताना जपून बसत होता.

पाटलांनी वरती अर्ज केला. बाई फळ्यावर बातम्या लिहून गाव चेतवतात, असा. आमच्या जिल्ह्यात त्या दिवसांत काय वातावरण होतं हे जुन्या माणसांना सांगायला नको. रानात भूमिगत, गावात पोलीस, आणि 'बातमी' हा शब्द उच्चारताना माणसं मागं वळून बघायची. एका अर्जावर नोकरी जाऊ शकत होती. माझी नोकरी गेली असती तर मला वाईला भावाकडं जावं लागलं असतं. भावानं घेतलंही असतं, पण त्याच्या ताटातला घास मोजून मी उरलेलं आयुष्य काढलं असतं. ते आठ-दहा दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मुलांना मात्र मी नेहमीसारखीच रागावत होते.

शाळा तपासणारे डेप्युटीसाहेब आले ते सायकलवरून, वडूजहून, घामाघूम होऊन. उंच, कोट-टोपीतले, कपाळाला कायमची आठी. आधी फळा वाचला. म्हैस, ज्वारीची काढणी, औंधला यमाईच्या दर्शनाला कोण कोण जाऊन आलं त्यांची नावं, आणि तीन विहिरी. राजकारण शोधून त्यांना सापडेना. मग वर्गात येऊन त्यांनी विचारलं, हे आकडे कुणी सांगितले. सगळ्या वर्गानं एका दमात सांगितलं की कुणी सांगितले नाहीत, आम्ही मापले. कसे मापले? दाखवतो की, म्हणून मुलं उठलीच. मी काही बोलायच्या आत साहेब मुलांच्या मागं, मी साहेबांच्या मागं, आणि तात्या सगळ्यांच्या मागं हात जोडल्यासारखे चालले होते.

पाटील मळ्यातच होते. साहेबांना बघून त्यांनी उपरणं सारखं केलं. बाजीनं वडलांकडं एकदा बघितलं, माझ्याकडं एकदा बघितलं, आणि दोर हातात घेतला. त्या पोराचं मला आजही कौतुक वाटतं. गाठी साडेबारा भिजल्या. मधल्या दिवसांत दीड हात कमी झालं होतं, तेही त्यानं तोंडी वजाबाकी करून सांगितलं. बाजीची ती वर्षातली पहिली बरोबर वजाबाकी. मग साहेब परत निघाले, तेव्हा तो त्यांच्या आडवा झाला.

"सायेब, तुमी डोळ्यानं बघितलं न्हवं? मंग फळ्यावर नाव घालाय लागंल."

साहेबांची आठी पहिल्यांदा सुटली. शाळेत येऊन त्यांनी खडू मागितला आणि आकड्याखाली स्वतःचं नाव लिहिलं, इंग्रजीत, लफ्फेदार. सरकारच्या माणसानं सही केल्यावर पाटलांना वेगळी वाट उरली नाही. पाणी न्या की, नको कोण म्हणतंय, असं ते चारचौघांत म्हणाले. शेरेबुकात साहेबांनी लिहिलं की अंकगणित समाधानकारक, बातम्या पीकपाणी व आरोग्य यांपुरत्या असाव्यात. तात्यांनी तो शेरा तीनदा वाचला आणि त्या दिवशी मला आपण होऊन तपकीर देऊ केली.

पुढच्या सोमवारची बातमी मी मुलांना लिहू दिली नाही. मोह आवरला नाही. ठळक अक्षरात मीच लिहिलं: 'पाटलांच्या विहिरीचे पाणी सगळ्या गावाला खुले.' हवालदारांनी ते वाचलं, बायांनी ऐकलं, दोघीतिघी माझ्याकडं बघून हसल्या. मी दिवसभर हवेत होते.

शाळा सुटल्यावर भागू मागं राहिली.

भागू तिसरीत होती. गावाबाहेरच्या वस्तीतली, गाव तेव्हा तिला महारवाडा म्हणे. तिचा बाप पलटणीत होता, आणि तिथून त्यानं कुणाकडून तरी पत्र लिहून घेऊन कळवलं होतं की पोरीला शाळेत घाला, मी आल्यावर परीक्षा घेईन. म्हणून ती यायची. दाराशी बसायची. तिला तिथं मी बसवलं नव्हतं. मी आले तेव्हा ती तिथंच बसलेली होती, आणि मी तिला आत बोलावलं नव्हतं. बापाचं पत्र आलं की ती ते घेऊन यायची आणि मी दारात उभी राहून तिला वाचून दाखवायची. सव्वादोन वर्षांत तिचा आवाज मी कविता म्हणतानाच ऐकला असेल.

ती फळ्याकडं बोट करून म्हणाली, "बाई, बातमी खोटी हाय."

मी विचारलं, कुठली.

"सगळ्या गावाला न्हाई. आमाला न्हाई." मग म्हणाली, "आमची हिर तुमी मापली बी न्हाई."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. गणित चुकलं असेल तर मुलं सांगतात तसं तिनं सांगितलं होतं. गावात विहिरी चार होत्या. मी रोज त्या चौथीच्या वाटेवरून माळावर फिरायला जात होते. मापायला निघाले तेव्हा ती मला आठवली नाही. विसरले असं म्हणणंसुद्धा बरोबर नाही. माझ्या मोजणीत ती कधी आलीच नव्हती.

मी दोर घेतला आणि तिच्याबरोबर गेले. वस्तीत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाऊल टाकलं. विहीर कसली, खडकातला खड्डा. दगड खाली गेला तो थप्प करून चिखलात बसला. एकही गाठ भिजली नाही. भागूची आई आत उतरून करवंटीनं झिरपा गोळा करत होती. करवंटी भरायला एवढा वेळ लागत होता की मी तेवढ्यात तिची सगळी हकीकत ऐकली. गावविहिरीवर कुणी वरून घागरीत ओतलं तर पाणी मिळायचं. गावविहीर आटल्यावर ते ओतणारे मळ्यात गेले, आणि मळ्यात यांना पाय ठेवायची सोय नव्हती. म्हणजे माझ्या बातमीनं गावाला पाणी मिळालं आणि यांचं होतं तेही गेलं. मला बघून तिनं पहिल्यांदा विचारलं ते एवढंच, "आवं बाई, तुमी कशाला आलाव हितं? तुमाला काय म्हनतील."

मी परत आले. फळ्यासमोर उभी राहिले. आता साहेब येणार नव्हते, पाण्याच्या बाया हसणार नव्हत्या, आणि शेरेबुकात कुणी समाधानकारक म्हणणार नव्हतं. खरं सांगायचं तर दुरुस्ती लिहूच नये, पुढच्या सोमवारी नवी बातमी लिहिली की ही आपोआप जाईल, असंही मनात येऊन गेलं. तात्यांना विचारलं. त्यांनी डबी उघडून तपकीर चिमटीत घेतली. मग म्हणाले, "बाई, मी तुमच्या जागी असतो तर लिहिलं नसतं. पण मी तुमच्या जागी नाही, हे बरं आहे." याचा अर्थ मला तेव्हा नीट लागला नाही. मी सोयीचा तो लावला.

सोमवारी मी लिहिलं: 'दुरुस्ती. मागील बातमी चुकीची होती. गावात विहिरी चार आहेत. चौथ्या विहिरीत पाणी नाही. त्या वस्तीला पाटलांच्या विहिरीवर येण्यास बंदी आहे.' खाली माझं नाव घातलं. तात्या नेहमीप्रमाणं बाहेर आले, 'दुरुस्ती'तला रु पहिला आहे ना ते बघितलं, आणि आपली ओळ लिहून तिच्याखाली यावेळी दोन रेघा मारल्या.

हवालदार वाचायला लागले आणि मधेच थांबले. बाया वाट बघत होत्या. त्यांनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून पुन्हा वाचलं, शेवटपर्यंत, परेडवर हुकूम देतात त्या आवाजात. वाचून झाल्यावर कुणाकडं न बघता निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून निम्मी पोरं आली नाहीत. गवळ्याची म्हैस आटली. ज्या घरातून माझं पाणी यायचं तिथल्या सुनेला अचानक कंबरदुखी सुरू झाली. मग माझं पाणी कोण आणणार? मी स्वतः घागर घेऊन मळ्यात जायला लागले. मला तिथं कुणी अडवलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. पहिल्या दिवशी निम्मी घागर अंगावर सांडली. वाईत घाटावर राहिलेल्या बाईला पोहरा ओढता येत नाही हे बघून बायांची जरा करमणूक झाली आणि त्या थोड्या बोलायला लागल्या. मी माझी घागर शाळेत न नेता वस्तीवर नेऊन ओतायची. रोज दोन खेपा. त्यानं कुणाची तहान भागणार होती? पण दुसरं काही सुचत नव्हतं. चौथ्या दिवशी माझ्या पुढं आणखी एकजण दोन घागरी घेऊन चालला होता. तो लंगडत चालायचा, त्यामुळं मागूनही ओळखू आला. उजव्या पायाची ती गोळी खरी होती असं मी तेव्हापासून मानते.

आठवडा झाल्यावर पाटील स्वतः शाळेत आले. रागात नव्हते. पेन्शनर हवालदार भरदिवसा वस्तीवर पाणी वाहतो, याची चर्चा आजूबाजूच्या गावांत झाली होती. पाटलांनी तोडगा काढला. सकाळी मोट चालू असते तेव्हा पाटाचं पाणी तासभर वस्तीच्या कडेपर्यंत सोडायचं. त्यांनी तिथून भरून घ्यावं, विहिरीवर येऊ नये. गावाचं मन मोडायचं नाही आणि कुणी तहानेनं मरायचंही नाही. "याच्या फुडं माझं हात पोचत न्हाईत, बाई," असं ते म्हणाले. मला वाटतं ते खरं बोलत होते.

पाट सुरू झाला. पोरं हळूहळू परत आली, म्हैस पुन्हा दूध द्यायला लागली. त्या सोमवारची बातमी मी भागूला लिहायला सांगितली. तिसरीतली असूनही.  बाजीनं तिच्यासाठी खडू आणून फळ्याच्या कडेवर ठेवला. तिनं लिहिलं: 'वस्तीला पाटाचे पाणी आले. विहिरीवर जायला बंदी आहे.'

मी म्हटलं, भागू, दुसरं वाक्य आत्ता नको, सगळं जरा निवळतंय. तिनं विचारलं, "बंदी उठली का, बाई?" मी म्हटलं, नाही. ती खडू हातात धरून माझ्याकडं बघत राहिली. वाक्य राहिलं. पुढच्या सोमवारीही राहिलं. इतर बातम्या बदलत गेल्या. ते एक वाक्य ती दर सोमवारी नव्यानं लिहायची आणि हवालदार ते दर सोमवारी वाचायचे.

मधल्या काळात मी तिला दारातून आत बसवलं. त्याबद्दल माझं कौतुक कुणी करू नये. तिनं माझी चूक दाखवल्यावर जे केलं ते मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

लढाई संपली. भागूचा बाप सुटून आला, खाकी कोटात. शाळेत येऊन त्यानं मला कडक सलाम ठोकला. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं भागूला फळ्यासमोर उभं करून सगळ्या बातम्या वाचायला लावल्या. तिनं शेवटच्या वाक्यापर्यंत वाचलं. तो ऐकत राहिला. मग मला म्हणाला की पोर पास झाली. पुढच्या आठवड्यात त्याला मिरजेला रेल्वेत काम मिळालं आणि त्यानं बिऱ्हाड हलवलं. निघताना मी विचारलं, इथं जमीन आहे, घर आहे, पोरीची शाळा चालू आहे, थोडं थांबला असता. तो अदबीनं म्हणाला, "तितं नळ हाय, बाई. समदी पित्यात."

महिन्याभरानं भागूचं कार्ड आलं. मोठ्या अक्षरात एकच ओळ होती: 'इथल्या नळाला सकाळी दोन तास पाणी येते.' त्यानंतर पत्र आलं नाही. मी नंतर सांगलीकडं बदलून आले तेव्हा मिरजेत दोनदा चौकशी केली. रेल्वेची माणसं बदलून जातात. पत्ता लागला नाही.

मूल शाळा सोडून गेलं की रजिस्टरात नाव कमी करावं लागतं आणि शेवटच्या रकान्यात कारण लिहावं लागतं. मुलींचं कारण बहुधा 'लग्न' असायचं, मुलांचं 'गुरे राखणे', बाकीच्यांचं 'गाव सोडले'. भागूच्या नावासमोर मी लिहिलं, 'पाणी'. तात्यांनी रजिस्टर पुढं ओढलं, चष्मा लावला, शब्द दोनदा पाहिला आणि शुद्ध आहे म्हणून सही केली. वर्षअखेरीस तपासणी झाली. यावेळी डेप्युटी दुसरे होते. त्यांनी त्या शब्दाभोवती तांबड्या शाईनं गोल केला आणि बाजूला लिहिलं, 'कारण समजत नाही. संबंधित शिक्षिकेने लेखी खुलासा करावा.'

तेव्हा माझी बदली आली आणि खुलासा राहून गेला. तो आज करते आहे.